कोलंबियातले विद्यार्थी आंबेडकर : मूळ कागदपत्रे कशी शोधावीत

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या ग्रंथालयसूचीत ‘आंबेडकर’ हे नाव टाकले, की त्यांनी लिहिलेली आणि त्यांच्यावर लिहिलेली पुस्तके ढिगाने समोर येतात. 1913 ते 1916 या तीन वर्षांतला मूळ कागद मात्र अशा शोधात सहसा हाती लागत नाही. पुराभिलेखात कागद कोणाविषयी आहे यावरून त्याची जागा ठरत नाही. तो कोणी जपून ठेवला, यावरून ठरते. विद्यार्थ्याने प्राध्यापकाला लिहिलेले पत्र प्राध्यापकाच्या दप्तरात असते, प्रवेशाची नोंद विद्यापीठाच्या छापील सूचीत असते आणि शिष्यवृत्तीचा करार बडोद्याच्या दरबाराकडे असतो. म्हणून शोध शिक्षकांच्या, विभागांच्या आणि प्रकाशनांच्या नावांनी करायचा. आंबेडकरांचे नाव सर्वांत शेवटी.

आणखी एक गोष्ट आधीच ध्यानात घ्यावी. कोलंबिया हे खासगी विद्यापीठ आहे. 1754 साली ‘किंग्ज कॉलेज’ म्हणून ते सुरू झाले, 1784 मध्ये त्याला कोलंबिया हे नाव मिळाले आणि 1897 पासून ते मॅनहॅटनच्या उत्तर भागात, मॉर्निंगसाइड हाइट्सवर आहे. सरकारी कार्यालयाकडे माहितीच्या अधिकाराखाली कागद मागता येतो, तसा तो इथे मागता येत नाही. जे संग्रह अभ्यासकांना खुले केले आहेत तेवढेच पाहता येतात, आणि तेही त्यांच्या नियमांनी. विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक गुणनोंदी पाहायला मिळतील असे धरून प्रवासाचा बेत आखू नका.

आधी घरबसल्या कालपट तयार करा

न्यूयॉर्कचा विचार करण्यापूर्वी महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’ या मालेचे दोन खंड वाचून काढा. खंड 1 मध्ये ‘कास्ट्स इन इंडिया’ हा निबंध आहे. खंड 6 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या प्रशासन व वित्तव्यवस्थेवरचा प्रबंध आणि ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा ग्रंथ, असे दोन्ही आहेत. हे खंड पीडीएफ रूपात मोफत मिळतात. मजकुराइतकेच लक्ष शीर्षकपृष्ठ, प्रस्तावना आणि तळटीपांकडे द्या. शोधाला लागणारी नावे आणि तारखा तिथेच सापडतात.

मग एका कागदावर हा सांगाडा उतरवून घ्या:

- जुलै 1913 : सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला आगमन. रक्कम दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे.
- जून 1915 : एम.ए.
- 9 मे 1916 : डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात ‘कास्ट्स इन इंडिया’चे वाचन.
- 1916 : लंडनला प्रयाण.
- मे 1917 : तोच निबंध ‘इंडियन अँटिक्वेरी’त प्रसिद्ध.
- 1925 : प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनच्या पी. एस. किंग अँड सन यांच्याकडून, त्यांचे कोलंबियातले मार्गदर्शक प्रा. सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह.
- 1927 : कोलंबियाची पीएच.डी.
- 5 जून 1952 : कोलंबियाची मानद एलएल.डी.

या सांगाड्यातच बहुतेकांची पहिली चूक होते. ‘1916 ला प्रबंध दिला म्हणजे 1917 ला पीएच.डी. मिळाली’ असे अनेक लेखांत वाचायला मिळते. त्या काळी कोलंबियात प्रबंध मान्य होणे आणि पदवी प्रत्यक्ष मिळणे या दोन वेगळ्या पायऱ्या होत्या. प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाकडे जमा केल्याशिवाय पदवी मिळत नसे. त्यातच 1917 मध्ये भारतात परतताना आंबेडकरांचे सामान ज्या बोटीवर होते ती पाणतीराने बुडाली आणि कागदपत्रे समुद्रात गेली. त्यामुळे पीएच.डी.चे कागद 1916-17 मध्ये शोधण्यात अर्थ नाही. 1922 ते 1927 हा पट्टा तपासा. सेलिग्मन यांच्याशी झालेला पत्रव्यवहारही याच पट्ट्यात महत्त्वाचा ठरतो.

दुसरी चूक खंडक्रमांकाची. ‘कास्ट्स इन इंडिया’चा संदर्भ देताना ‘इंडियन अँटिक्वेरी, खंड 41’ असे ठिकठिकाणी छापलेले असते. हे नियतकालिक 1872 साली सुरू झाले आणि वर्षाला एक खंड निघे. हिशेब करा : 1917 चा खंड 46 वा येतो. 41 वा खंड मागवलात तर 1912 चे अंक हाती पडतील आणि निबंध ‘गहाळ’ आहे असे वाटेल. रोमन आकड्यांत एका अक्षराची गळती झाली, की असा घोटाळा होतो. दुसऱ्याच्या तळटीपेवरून खंड मागवण्याआधी वर्ष आणि खंड यांचा मेळ स्वतः घालून पाहा.

छापील सूची : प्रवास न करता मिळणारा सर्वांत मोठा ठेवा

कोलंबिया दरवर्षी आपला ‘कॅटलॉग’ आणि प्रत्येक विद्याशाखेचे ‘अनाउन्समेंट’ छापत असे. कोणता प्राध्यापक कोणता विषय शिकवणार, वर्ग आठवड्यातून किती वेळा आणि कोणत्या सत्रात, हे सारे त्यात असते. 1913-14, 1914-15 आणि 1915-16 अशी तीन शैक्षणिक वर्षे तुम्हाला हवीत. अमेरिकेत शैक्षणिक वर्ष शरद ऋतूत सुरू होते, म्हणून ‘1913’ एवढेच टाकून शोधले तर निम्मे अंक निसटतात, जोडवर्षे टाका.

अर्थशास्त्र, इतिहास आणि समाजशास्त्र हे विषय तेव्हा ‘फॅकल्टी ऑफ पोलिटिकल सायन्स’ या विद्याशाखेखाली होते. नावावरून ती फक्त राज्यशास्त्राची वाटते आणि अर्थशास्त्राचा शोध घेणारा ती उघडतच नाही. जॉन ड्यूई यांचे तत्त्वज्ञानाचे वर्ग मात्र ‘फॅकल्टी ऑफ फिलॉसॉफी’च्या पुस्तिकेत पाहावे लागतात.

चरित्रांतून एक यादी नेहमी फिरते : अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि फ्रेंच व जर्मन प्रत्येकी 1, एकूण 60. ही यादी उतरवून घेण्यापेक्षा पुस्तिकांसमोर ठेवून तपासण्यात खरे काम आहे. एकेक विषय घ्या, त्या वर्षी तो कोणी शिकवला ते पाहा, वर्षभराचा वर्ग दोन सत्रांत विभागला होता का ते पाहा. दोन सत्रे दोन अभ्यासक्रम म्हणून मोजली असतील, तर 60 या आकड्याचा अर्थ बदलतो. आजच्या विद्यापीठातले 60 विषय आणि तेव्हाचे 60 अभ्यासक्रम यांची थेट तुलना करू नये, ती याच कारणाने. आणि पुस्तिकेत विषय छापला आहे म्हणजे आंबेडकर त्या वर्गात बसलेच होते, असेही नव्हे. पुस्तिका फक्त काय उपलब्ध होते ते सांगते.

या पुस्तिका ‘हाथीट्रस्ट’ आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’ या दोन डिजिटल ग्रंथालयांत आहेत. हाथीट्रस्ट वापरताना एक गोष्ट भारतातल्या वाचकाला कायम अडते. अमेरिकेत छापलेली त्या काळातली पुस्तके तिथे भारतातूनही पूर्ण उघडतात. अमेरिकेबाहेर, समजा लंडनला, छापलेले 1925 चे पुस्तक मात्र अमेरिकेतून उघडते आणि भारतातून फक्त शब्दशोधापुरते मिळते, कारण दोन्हीकडचे स्वामित्वहक्काचे नियम वेगळे. म्हणून विद्यापीठाच्या पुस्तिका हाथीट्रस्टवर पाहा आणि 1925 च्या ग्रंथासाठी खंड 6 वर अवलंबून राहा.

1754 ते 1931 या काळातल्या माजी विद्यार्थ्यांची एक जाड नोंदवहीही विद्यापीठाने 1932 मध्ये छापली. पदवीचे वर्ष पडताळायला ती उपयोगी पडते.

विद्यार्थ्यांचे वर्तमानपत्र

‘कोलंबिया डेली स्पेक्टेटर’ हे विद्यार्थ्यांचे वर्तमानपत्र 1877 पासून निघते. त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत शोधता येतात. नुसते नाव टाकून थांबू नका. जुन्या छपाईचे यंत्राने केलेले वाचन फार चुका करते : आडनावातली दोन अक्षरे उलटसुलट होतात, ओळीच्या शेवटी शब्द तुटतो, ‘भीमराव’ कधी एक शब्द तर कधी दोन शब्द होतो. नावाची तीन-चार रूपे करून पाहा, आद्याक्षरे टाकून पाहा, आणि तरी काही आले नाही तर तारखेने जा. मे 1916 चा दुसरा आठवडा उघडून पाने एकेक करून चाळा. परिसंवाद, कॉस्मोपॉलिटन क्लब, परदेशी विद्यार्थ्यांच्या सभा, वसतिगृहांच्या बातम्या या सदरांत संदर्भ मिळतात. थेट उल्लेख मिळाला नाही तरी त्या दिवसांत आवारात कशाची चर्चा चालू होती हे कळते, आणि तेही काही थोडे नव्हे. 1914 च्या ऑगस्टमध्ये युरोपात महायुद्ध पेटल्यानंतरचे अंक या दृष्टीने जरूर वाचावेत.

तारखांबाबत सावध राहा. अमेरिकन पद्धतीत महिना आधी लिहितात. पत्रावर ‘5/9/16’ असेल तर तो 5 सप्टेंबर नव्हे, 9 मे. आपल्या टिपणात तारीख नेहमी महिन्याच्या नावासह लिहा.

कोणाची दप्तरे कुठे आहेत

प्रा. एडविन सेलिग्मन हे आंबेडकरांचे अर्थशास्त्राचे मार्गदर्शक. त्यांची कागदपत्रे कोलंबियाच्याच दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखित विभागात आहेत. जेम्स शॉटवेल या इतिहासाच्या प्राध्यापकांचा संग्रहही तिथेच. एवढी दोन दप्तरे नीट पाहिली तरी एका खेपेचे चीज होते.

ड्यूई यांच्यासाठी मात्र न्यूयॉर्कला जाण्याचा उपयोग नाही. त्यांचा मुख्य संग्रह इलिनॉय राज्यात, कार्बनडेल इथल्या सदर्न इलिनॉय विद्यापीठात आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्याशी आंबेडकरांचा 1946 मध्ये झालेला पत्रव्यवहार मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या संग्रहात आहे आणि तो ऑनलाइन पाहता येतो. आंबेडकरांच्या स्वतःच्या संग्रहातली बरीच पुस्तके मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात आहेत. ड्यूईंच्या पुस्तकांवर त्यांनी केलेल्या खुणा हव्या असतील तर शोध तिथे घ्यायचा. ‘सगळे कोलंबियात असेल’ या समजुतीने विमानाचे तिकीट काढणाऱ्याचे दोन आठवडे वाया जातात.

संग्रह कुठे आहे ते कळल्यावर त्याची वर्णनसूची शोधा. विद्यापीठाच्या ग्रंथालयसूचीचे नाव ‘क्लिओ’. क्लिओमध्ये संग्रहाची नोंद मिळते आणि तिथून सविस्तर वर्णनसूचीकडे जाता येते. वर्णनसूचीत प्रत्येक पत्राची नोंद नसते. मालिका, पेटी आणि फोल्डर एवढेच असते. म्हणून ‘आंबेडकरांचे पत्र द्या’ अशी मागणी होऊ शकत नाही. अमुक संग्रहाची अमुक क्रमांकाची पेटी, अशीच करावी लागते. पत्रव्यवहार आडनावांच्या अक्षरक्रमाने लावलेला असेल तर ‘ए’ची पेटी, कालक्रमाने असेल तर 1922 ते 1927 च्या पेट्या, आणि विषयवार असेल तर भारत, चलन, प्रांतिक वित्त अशा शीर्षकांचे फोल्डर मागवा. शंका असेल तर विभागाच्या अभिलेखपालांना ईमेल करा. पत्रात तीन गोष्टी असू द्या : संग्रहाचे नाव, तारखांचा पट्टा आणि तुम्ही आधी काय तपासले आहे. ‘आंबेडकरांविषयी जे असेल ते पाठवा’ या पत्राला सर्वसाधारण माहितीपानाचा दुवा उत्तरादाखल येतो. नेमक्या प्रश्नाला मात्र नेमके उत्तर मिळते. पाहिजे असलेली पाने थोडी असतील तर ती स्कॅन करून मागवता येतात का, हेही त्याच पत्रात विचारा; कधीकधी प्रवासाची गरजच उरत नाही.

प्रत्यक्ष भेटीची तयारी

दुर्मीळ ग्रंथ व हस्तलिखित विभाग बटलर ग्रंथालयाच्या सहाव्या मजल्यावर आहे. विद्यापीठाचा पुराभिलेखही त्याच विभागात पाहायला मिळतो. क्रम असा ठेवा:

1. विभागाच्या संकेतस्थळावर अभ्यासक म्हणून खाते उघडा. नाव पासपोर्टवर जसे आहे तसेच लिहा. आपल्याकडे आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम अनेक कागदांवर असतो. दारावरच्या ओळखपत्राशी तो जुळला नाही तर अडवतात.
2. हव्या त्या पेट्या खात्यातून मागवा. अनेक संग्रह मॅनहॅटनमध्ये नसून न्यू जर्सीत प्रिन्स्टनजवळच्या सामाईक साठवणगृहात आहेत. तिथून पेटी यायला काही कामाचे दिवस लागतात. मागणी निदान दोन आठवडे आधी नोंदवावी.
3. वाचनकक्षाची तारीख ठरवून घ्या आणि पेट्या आल्याची खात्री देणारा ईमेल येईपर्यंत वाट पाहा. मागणी नोंदवली म्हणजे पेटी टेबलावर आली, असे होत नाही.
4. आवारात प्रवेशाची परवानगी वेगळी मागा. गेल्या काही वर्षांपासून मॉर्निंगसाइडचे दरवाजे सर्वांना सरसकट खुले नाहीत. बाहेरच्या व्यक्तीला आधी नोंदणी करावी लागते. वाचनकक्षाची वेळ मिळाली म्हणजे फाटकातून आत सोडतील असे गृहीत धरू नका. विभागालाच विचारा.

सुट्ट्यांचे वेळापत्रकही तपासा. नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आणि डिसेंबरअखेर जाण्याचे टाळा.

पोहोचण्यासाठी 1 क्रमांकाची सबवे घेऊन 116 व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरा. 168 व्या रस्त्यालाही कोलंबियाचे नाव दिसते, पण तो वैद्यकीय विभाग आहे.

वाचनकक्षात

पिशवी, कोट आणि पेन बाहेर लॉकरमध्ये ठेवावे लागते. आत पेन्सिल, सुटे कागद, लॅपटॉप आणि मोबाइल. एका वेळी एकच पेटी, पेटीतून एकच फोल्डर, आणि कागद ज्या क्रमाने होते त्याच क्रमाने परत. क्रम चुकला असे वाटले तरी स्वतः लावू नका, कर्मचाऱ्यांना सांगा. कागद कोणत्या कागदाशेजारी सापडला, ही माहितीही पुढच्या अभ्यासकाला उपयोगी असते.

फोटो फ्लॅशशिवाय काढा. आधी पेटीवरच्या चिठ्ठीचा, मग फोल्डरच्या नावाचा, मग पहिल्या पानाचा, मग मागच्या बाजूचा. मागची बाजू कोरी वाटली तरी फोटो घ्या. पेन्सिलीतली टिपणे, पोचल्याचा शिक्का, उत्तर पाठवल्याची तारीख तिथेच असते. लिफाफा असेल तर तो सोडू नका. चिठ्ठीचा फोटो राहिला, की घरी आल्यावर तीनशे फोटोंपैकी कोणता कुठल्या पेटीतला हे कळायचा मार्ग राहत नाही, आणि पेटीक्रमांकाशिवाय तो पुरावा संदर्भ म्हणून देता येत नाही. दर संध्याकाळी फोटोंना संग्रह, पेटी, फोल्डर, तारीख या क्रमाने नावे द्या. उद्यावर टाकू नका.

आवार वाचताना

आंबेडकर बटलर ग्रंथालयात बसत असत, असे कोणी लिहिले तर ते खोडून काढा. ती इमारत 1934 मध्ये खुली झाली. त्यांच्या वेळचे ग्रंथालय म्हणजे घुमटाची लो लायब्ररी. तिथे आज प्रशासनाची कार्यालये आहेत. सुरुवातीला ते हार्टले हॉलमध्ये उतरले आणि पुढे काही काळ मित्र नवल भथेना यांच्याबरोबर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. त्या इमारतीचे आजचे नाव वॉलाक हॉल. जुने नाव घेऊन शोधणाऱ्याला नकाशावर ती सापडत नाही. दोन्ही वसतिगृहांत आज विद्यार्थी राहतात, म्हणून बाहेरूनच पाहावीत. आवाराच्या मधून जाणारा पादचारी मार्ग तेव्हा शहराचा वाहता रस्ता होता; 116 वा रस्ता विद्यापीठाकडे आला तो 1953 मध्ये. ही दोन-तीन वस्तुस्थिती मनात ठेवून फिरले, की जुने छायाचित्र आणि समोरचे दृश्य जुळू लागते.

आंबेडकरांचा अर्धपुतळा लेहमन ग्रंथालयात आहे. हे ग्रंथालय 118 व्या रस्त्यावरच्या आंतरराष्ट्रीय व्यवहार विद्याशाखेच्या इमारतीत, म्हणजे मुख्य चौकापासून वेगळे आहे. तिथे जायलाही ग्रंथालयप्रवेशाची परवानगी लागते, म्हणून ती बटलरच्या परवानगीबरोबरच मागून ठेवा.

छापण्यापूर्वी

कागद ग्रंथालयाच्या मालकीचा असतो. मजकुराचा स्वामित्वहक्क वेगळा. भारतात लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो, म्हणून आंबेडकरांच्या अशा लेखनाची मुदत 2016 अखेर संपली. अमेरिकेत अप्रकाशित पत्रांना मृत्यूनंतर 70 वर्षांचे संरक्षण आहे. आंबेडकर 1956 मध्ये गेले. त्यांच्या अप्रकाशित पत्राची तिथली मुदत 2026 अखेरची. सेलिग्मन 1939 मध्ये गेले, म्हणून त्यांच्या अप्रकाशित पत्रांवर असे बंधन उरलेले नाही. पत्राचे छायाचित्र पुस्तकात छापायचे असेल, तर विभागाची लेखी अट आणि श्रेयनामाचा मजकूर आधीच मागून घ्या.

संदर्भ देताना पत्र लिहिणारा, पत्र मिळणारा, तारीख, पेटी, फोल्डर, संग्रहाचे नाव, विभाग आणि विद्यापीठ, एवढे सगळे द्या. शोधून न सापडलेल्या गोष्टीही टिपणवहीत लिहा : कोणत्या दिवशी, कोणत्या पेटीत, काय शोधले आणि मिळाले नाही. पुढच्या अभ्यासकाला तीच पेटी पुन्हा मागवावी लागणार नाही.